वारा येस का? खानदेशी घरासाठी फेंगशुई, पायरी पायरीने

मे महिन्यात दुपारी अडीच वाजता जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही घरात जा आणि माणसं कुठे बसलीत तेवढं बघा. पुढच्या खोलीत सोफा रिकामा असतो. सगळे मधल्या दाराच्या उंबऱ्यापाशी, उघड्या फरशीवर, पाठ भिंतीला टेकून बसलेले असतात, कारण तिथे झुळूक लागते. माझ्या सासूबाई दुपारी आलेल्या पाहुण्याला बसवलं की आधी अहिराणीत विचारायच्या, "वारा येस का?" (वारा येतो का?), आणि मग पाण्याचा तांब्या पुढे करायच्या. चिनी भाषेत 'फेंग' म्हणजे वारा आणि 'शुई' म्हणजे पाणी. पाहुण्याला आधी वारा आणि मग पाणी देणाऱ्या मुलखाला हे शास्त्र परकं वाटायचं कारण नाही.

गेली काही वर्षं मी माझ्या आणि नात्यातल्या चार-पाच घरांत हे करून पाहिलं आहे. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: फेंगशुई दुकानातून आणायची वस्तू नाही. आपल्या घरात वारा, पाणी आणि ऊन कसं फिरतं ते बघून घर लावायची ती रीत आहे. नाणी तोंडात धरलेला बेडूक, लाल दोऱ्याची नाणी, हसणारा बुद्ध हे सगळं मागाहून चिकटलेलं आहे. ते न घेता घर कसं लावायचं ते पुढे क्रमाने लिहिते.

आधी 'ची' म्हणजे काय

फेंगशुईत घरात फिरणाऱ्या जीवनशक्तीला 'ची' म्हणतात. चौथ्या शतकात वारलेल्या गुओ पू या चिनी पंडिताच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या जुन्या ग्रंथाचा आशय असा, की ची वाऱ्यावर स्वार झाली की विखुरते आणि पाण्यापाशी आली की थांबते.

हे मला खरं कळलं ते पांझराकाठच्या फडांमुळे. धुळे जिल्ह्यात नदीवर बंधारा घालून, पाटाने पाणी वळवून, उतारावरून शेतांच्या फडांत नेण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पाट फार सरळ आणि उताराचा झाला की पाणी माती कापत सुटतं, शेतात मुरत नाही. चारीत गाळ साठला की पाणी तुंबतं आणि शेवटचा वाफा कोरडा राहतो. पाटकऱ्याचं काम एवढंच, की पाणी सावकाश सगळ्या वाफ्यांत फिरावं. घरात तुम्ही पाटकरी आहात. कुठे ची धावत सुटली आहे आणि कुठे तुंबली आहे हे शोधायचं, आणि ते सरळ करायचं.

दिशा: चीनचं ऊन आणि आपलं ऊन

सरसकट पुस्तकी फेंगशुई इथे चुकते, म्हणून हा भाग नीट वाचा.

चिनी घराचा आदर्श असा: पाठीशी उत्तरेला डोंगर, पुढे दक्षिणेला मोकळी जागा आणि पाणी, दोन्ही बाजूंना लहान टेकड्या. पाठीचा डोंगर म्हणजे काळं कासव, पुढचा लाल पक्षी, डावीकडे हिरवा ड्रॅगन, उजवीकडे पांढरा वाघ. यामागचं कारण साधं आहे. तिकडे हिवाळ्यात उत्तरेकडून बोचरे वारे येतात, त्यांना डोंगर अडवतो. बीजिंग साधारण ४० अक्षांशावर, त्यामुळे डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम २६-२७ अंश वर चढतो. ती ऊब घरात यावी म्हणून घराचं तोंड दक्षिणेला.

आता आपलं बघा. जळगाव २१ अक्षांशावर. डिसेंबरातही दुपारचा सूर्य ४५ अंशांवर असतो आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तर तो डोक्यावरून थोडा उत्तरेलाच सरकतो. आपल्याला ऊब शोधायची नसते. आपला शत्रू पश्चिमेचं ऊन, दुपारी तीनपासून मावळेपर्यंतचं.

गंमत अशी की तापीच्या उत्तरेला असलेल्या गावांची, म्हणजे रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा या पट्ट्याची ठेवण थेट चिनी आदर्शासारखी आहे. पाठीशी उत्तरेला सातपुडा, पुढे दक्षिणेला तापी. जळगाव, धरणगाव, अमळनेर यांना मात्र नदी उत्तरेला येते. म्हणून त्यांचं नशीब उलटं असं मुळीच नाही. तिथे घराची पाठ आणि पुढा घराच्या आसपास बघून ठरवायचा. मागे शेजाऱ्याची उंच भिंत किंवा जुना कडुनिंब असेल तर तेच तुमचं कासव. पुढचं अंगण, ओटा, निदान दाराबाहेरची चार फूट मोकळी जागा हाच तुमचा पक्षी.

पहिली पायरी: एक दिवस काही हलवू नका

सुट्टीचा दिवस धरा. सकाळी सात, दुपारी बारा, तीन आणि रात्री नऊ अशा चार वेळा घरभर फिरा. हातात पेटवलेली अगरबत्ती घ्या. प्रत्येक दारात, खिडकीत, पलंगाच्या उशाशी, चुलीपाशी एक-एक मिनिट थांबा आणि धूर कुठे जातो ते बघा. पडदे, कापूस, कागद यांपासून ती लांब धरा. धूर आडवा पळाला तर तिथे ची धावते आहे. सरळ वर जाऊन तिथेच घुटमळला तर तुंबली आहे. अलगद वळत पुढे गेला तर ती जागा चांगली, तिला हात लावू नका.

वहीत घराचा साधा नकाशा काढा आणि हे सगळं त्यावर मांडा. याच फेऱ्यांत हात लावून भिंती तपासा. रात्री नऊला कुठली भिंत अजून तापलेली आहे हे लिहून ठेवा. पुढे पलंग ठरवताना ते लागेल.

दुसरी पायरी: नऊ घरं

मोबाइलमधल्या होकायंत्रावर दिशा बघा, पण लोखंडी दार, कपाट, टीव्ही आणि मोटरसायकल यांपासून लांब उभं राहून, आणि तीन ठिकाणी. तिन्ही जुळलं तरच धरा. मग नकाशावर तीन उभे आणि तीन आडवे असे नऊ चौकोन पाडा. चिनी नकाशात दक्षिण वर असते. त्या नऊ घरांचे आकडे पहिल्या ओळीत ४, ९, २, दुसऱ्या ओळीत ३, ५, ७ आणि तिसऱ्या ओळीत ८, १, ६ असे येतात. आडवी, उभी किंवा तिरपी बेरीज करा, १५ येते.

प्रत्येक घराला एक तत्त्व आहे. उत्तर पाणी, दक्षिण अग्नी. पूर्व आणि आग्नेय लाकूड. पश्चिम आणि वायव्य धातू. नैर्ऋत्य, ईशान्य आणि मधलं घर माती. पाण्यावर लाकूड वाढतं, लाकडाने अग्नी पेटतो, अग्नीची राख म्हणजे माती, मातीतून धातू निघतो आणि धातूपासून पाणी होतं. उलट बाजूने पाणी अग्नी विझवतं, अग्नी धातू वितळवतो, धातू लाकूड कापतो, लाकूड माती फोडतं आणि माती पाणी अडवते. एवढं पाठ झालं की फेंगशुईचं निम्मं काम हाती आलं.

आग्नेयेला धन, नैर्ऋत्येला नातं, पूर्वेला कुटुंब, उत्तरेला कामधंदा अशीही वाटणी सांगतात. ती मी मानते, पण ती आठवण म्हणून. नैर्ऋत्य कोपरा घाण असेल तर तो स्वच्छ करताना घरातल्या माणसांशी आपण कसं वागतो हे मनात येतं, आणि ते यावंच. त्या कोपऱ्यात अमुक ठेवलं की लग्न जमेल असं कुणी पैसे घेऊन सांगू लागलं, तर तिथून उठा.

वास्तूचं काय, हा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो. वास्तूत आग्नेयेला स्वयंपाकघर. फेंगशुईत आग्नेय लाकडाची, आणि लाकूड अग्नीला पोसतं, तेव्हा तिथे भांडण नाही. ईशान्येला मात्र आहे. वास्तू तिथे पाणी ठेवते आणि फेंगशुई तिला मातीची दिशा म्हणते, जी पाणी अडवते. तिथे मातीचा माठ ठेवा. माती आणि पाणी दोन्ही त्यात नांदतात. देवघर तर वडीलधाऱ्यांनी जिथे मांडलं तिथेच राहू द्या. ज्या बदलाने घरातली म्हातारी माणसं दुखावतात त्याने घरात समतोल येत नाही.

तिसरी पायरी: दार

ची दारातून येते. दार पूर्ण उघडलंच पाहिजे, भिंतीला टेकेपर्यंत. बहुतेक घरांत दारामागे पिशव्या, छत्री, झाडू, क्रिकेटची बॅट असं कोंबलेलं असतं आणि दार पाऊणच उघडतं. ते आजच काढा. चपला उंबऱ्यासमोर न ठेवता बाजूला, शक्यतो ओट्याखाली किंवा बंद रॅकमध्ये ठेवा. मोटरसायकल ओट्यावर दारासमोर आडवी लावायची सवय मोडा. कुरकुरणाऱ्या बिजागरीला दोन थेंब तेल घाला.

आता आपल्याकडची खास अडचण. जुन्या गल्ल्यांतली घरं अरुंद आणि लांब. पुढचं दार, मधल्या खोलीचं दार, स्वयंपाकघराचं दार आणि परसदार, सगळी एका रेषेत. ओट्यावर उभं राहिलं की थेट परसातली मोरी दिसते. कुठल्याही फेंगशुईवाल्याला दाखवा, तो सांगेल की आलेली ची थेट निघून जाते, मधली दारं बंद करा. असं अजिबात करू नका. आपल्या आजोबा-पणजोबांनी ती दारं रेषेत ठेवली ती याच वाऱ्यासाठी. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, आणि या रेषेनेच घर श्वास घेतं.

फेंगशुईची हरकतही खोटी नाही. अशा घरात मधल्या खोलीत कुणी निवांत बसत नाही, ती वाटच होऊन बसते. मी केलं ते असं: वारा चालू ठेवला आणि नजर अडवली. मधल्या दाराला कमरेपर्यंतचा सुती पडदा, खाली मोकळा. स्वयंपाकघराच्या दाराच्या एका बाजूला, वाट सोडून, तिवईवर माठ. परसदाराच्या चौकटीत मण्यांची झालर. वारा तिन्हींतून जातो, पण आता वळत, हळू होत जातो. बैठक वाटेतून उचलून भिंतीकडे, वाटेशी काटकोनात लावली. अगरबत्तीचा धूर पूर्वी सुसाट परसात जायचा, तो आता खोलीत एक वळसा घेतो. पाटाला मध्ये-मध्ये आडवी माती लावून पाणी हळू करतात, अगदी तसं.

चौथी पायरी: साठलेलं मोकळं करणं

आपल्याकडे याला मुहूर्त आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, आणि त्याआधी घर धुऊन, पुसून, रंगवून काढतात. त्याच आवरण्यात फेंगशुईचं काम उरकून घ्या. माळा, पलंगाखालची जागा, कपाटांच्या वरची जागा या तीन ठिकाणी ची सर्वात जास्त तुंबते. बंद पडलेली घड्याळं दुरुस्त करा नाहीतर काढा. तडा गेलेल्या बरण्या, फुटका आरसा, जळालेले बल्ब ठेवू नका. पितळेची जुनी भांडी मात्र मोडीत घालू नका, त्यांचं काम पुढे आहे.

आणि कापूस. भाव येईपर्यंत घरात कापूस भरून ठेवलेली कितीतरी घरं आपल्या ओळखीची आहेत. पुढची खोली, मधली खोली, कधी झोपायच्या खोलीतही छतापर्यंत. त्यातल्या बारीक किड्यांनी लेकरांच्या अंगाला खाज सुटते, आणि एका ठिणगीचं भय तर असतंच. शेतकऱ्याला हे सांगायला जीभ जड होते, कारण हौसेने कुणी कापूस घरात ठेवत नाही. तरी ठेवायचाच तर एकाच खोलीत ठेवा आणि तिथे कुणी झोपू नका. नकाशातलं मधलं घर मोकळं ठेवा. चुलीच्या आणि देवघरातल्या दिव्याच्या भिंतीलगत तर नकोच. खिडकी आणि दार यांच्यामधली वाट सोडा. फवारणीचा पंप आणि औषधाच्या बाटल्या मात्र घरात कुठल्याही दिशेला नकोत. बाहेर, कुलपात, लेकरांच्या हाताबाहेर.

पाचवी पायरी: चूल आणि पाणी

शेगडी आणि नळ शेजारी-शेजारी असतील तर पाणी अग्नीला दाबतं. मध्ये दीड-दोन फूट अंतर असावं. ओटा लहान असेल तर दोघांच्या मध्ये लाकूड तत्त्व आणा: कोथिंबिरीची किंवा पुदिन्याची कुंडी, नाहीतर हिरव्या फरशीची एक पट्टी. पाणी लाकडाला पोसतं, लाकूड अग्नीला, म्हणजे भांडणाऱ्या दोघांत समजूतदार तिसरा बसला. शेगडी खिडकीच्या बरोबर खाली नको, वाऱ्याने ज्योत विझते.

रांधणारीची पाठ दाराकडे असू नये. मागून कुणी आलं तर दचकायला होतं, आणि उकळत्या तेलाशी दचकणं बरं नव्हे. ओटा फिरवता येत नसेल तर शेगडीच्या मागच्या भिंतीवर घासूनपुसून लख्ख केलेलं स्टीलचं ताट उभं करा. त्यात दार दिसतं. खापरावरचे मांडे किंवा भरिताची वांगी भाजणं परसातच ठेवा. एवढा अग्नी बंद स्वयंपाकघराला सोसत नाही.

सहावी पायरी: झोपायची जागा

पलंगावरून दार दिसलं पाहिजे, पण पाय थेट दाराकडे नकोत. म्हणजे दारापासून तिरका, लांबचा कोपरा. डोक्यामागे भक्कम भिंत हवी, खिडकी नको. आरशाचं लोखंडी कपाट पलंगासमोर असेल तर रात्री आरशावर जुनी साडी टाका.

इथे पहिल्या दिवशीचं भिंत तपासणं कामी येतं. पुस्तकाप्रमाणे तुमची सर्वात भक्कम भिंत पश्चिमेची निघेल, पण मे महिन्यात तीच भिंत दुपारभर ऊन पिऊन रात्री अकरापर्यंत वाफ सोडत असते. तिला डोकं लावून गाढ झोप लागायची नाही. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, पावसाळा लागेपर्यंत उशी पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीला लावा, किंवा पलंग भिंतीपासून वीतभर सोडा. फेंगशुईत ऋतूप्रमाणे घर फिरवायला मनाई नाही. गच्चीवर झोपणाऱ्यांनी या सगळ्याची चिंता करू नये.

धाब्याच्या घरात डोक्यावर तुळई नको हा नियम पाळायचा कसा? तिथे तर दर दोन-तीन हातांवर तुळई. पलंग तुळयांना समांतर, दोन तुळयांच्या मधल्या पोकळीत लावा. तुळई अंगाला आडवी न येता बाजूने गेली पाहिजे.

सातवी पायरी: वारा आणि पाणी एकत्र, म्हणजे कूलर

खानदेशातली सर्वात खरी फेंगशुईची वस्तू म्हणजे कूलर. ओल्या वाळ्यातून वारा खेचणारं यंत्र. पण तो बहुतेक घरांत चुकीच्या जागी असतो: खोलीच्या आत, दारं-खिडक्या बंद. मग तोच दमट वारा फिरतो, अंग चिकट होतं आणि घरातली माणसं एकमेकांवर चिडचिड करतात. कूलर सावलीच्या बाजूच्या खिडकीत, पाठ बाहेर करून लावा, आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. एका बाजूने आलेला वारा दुसरीकडून बाहेर पडला पाहिजे. झोताची दिशा थेट पलंगावर न ठेवता भिंतीवर ठेवा, तिथून वळून तो अंगावर मऊ येतो. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा. साचलेलं पाणी फेंगशुईत मरतुकडं मानतात, आणि डेंग्यूचे डासही त्यातच वाढतात.

घरात कारंजं आणि मोठी काचपेटी बसवू नका. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात पाणी उडवत ठेवणं हा मला पाण्याचा अपमान वाटतो. भरलेला माठ, त्यावर झाकण, शेजारी घासलेलं ओगराळं, एवढं पुरतं. आणि ठिबकणारा नळ आजच्या आज दुरुस्त करा. ज्या घरात पाणी विकत घ्यावं लागतं तिथे ठिबकणारा नळ पैसाच गळवत असतो.

आठवी पायरी: पश्चिमेचा जास्तीचा अग्नी

पुस्तकात पश्चिम धातूची. आपल्याकडे वर्षातले चार महिने तिथे अग्नी येऊन बसतो. वाढलेल्या तत्त्वाला थेट पाण्याने विझवण्यापेक्षा त्याच्या पुढच्या तत्त्वाकडे वाहू द्यायचं अशी फेंगशुईची रीत आहे. अग्नीनंतर माती. म्हणून पश्चिमेच्या खोलीत लाल, केशरी पडदे नकोत. मातकट, भगरीसारखे फिके पिवळे रंग घ्या. खिडकीत मातीच्या कुंड्यांची रांग लावा. बाहेर जागा असेल तर त्या बाजूला कडुनिंब. तो वाढेपर्यंत गोणपाटाचा किंवा वाळ्याचा पडदा, दुपारी तीनला पाणी मारलेला. गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्या. धातूसाठी राखलेली पितळी घागर आणि तांबे याच खोलीत फडताळावर मांडा. पश्चिम मूळची धातूचीच आहे.

बदल किती आणि कधी

एका आठवड्यात एकच बदल करा. आठवड्याने तीच अगरबत्ती घेऊन त्याच जागी उभे राहा आणि वहीत लिहा: धूर कसा गेला, झोप कशी लागली, दुपारी माणसं कुठे बसली. भाड्याच्या घरात भिंतींना हात लावता येत नसेल तर दार, पलंग आणि कूलर या तीनच गोष्टी करा.

वर्षातून दोनदा मांडणी फिरवा. आखाजीला नवी घागर भरली जाते, त्या दिवशी उन्हाळ्याची मांडणी: पलंग पश्चिमेपासून सुटा, जाड चादरी आणि गालिचे माळ्यावर, कूलर खिडकीत. दिवाळीत आवरायला काढलं की हिवाळ्याची: पलंग परत पश्चिमेच्या भिंतीला, कारण थंडीत तिची ऊब हवीशी वाटते, पूर्वेकडचा गार वारा येणाऱ्या खिडकीला जाड पडदा, आणि कूलर कोरडा करून, जुना वाळा काढून, कापड गुंडाळून बाजूला.